डिपरवर असताना अप्परचा निळा दिवा मिणमिणतो, डावा हेडलाइट मंद (बल्ब, स्विच बदलून झाले)

घाटवळण | १४ जुलै, रात्री १०.४२

मंडळी, गाडी २००९ची पेट्रोल हॅचबॅक. एच४ बल्ब (अप्पर म्हणजे लांबचा झोत आणि डिपर म्हणजे खालचा, दोन्ही एकाच बल्बात), ६०/५५ वॅट. वायरिंग मूळचंच, बाहेरून काही लावलेलं नाही.

गेल्या शनिवारी कराडहून चिपळूणला येत होतो. कोयनानगर सोडल्यापासून उजेड एका बाजूला कलल्यासारखा वाटत होता, पण म्हटलं पाऊस आहे, काच ओली आहे. कुंभार्ली घाटात धुकं लागलं आणि डावीकडची कडाच दिसेना. एका रुंद वळणावर थांबून पुढे जाऊन पाहिलं. उजवा व्यवस्थित, डावा देवघरातल्या समईसारखा पिवळा, नुसता तेवतोय. बॉनेटवर थाप मारली की क्षणभर उजळायचा, परत मंद. उरलेला घाट एका ट्रकच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून उतरलो.

आतापर्यंत केलेले उद्योग: डावा बल्ब उजवीकडे लावला, तिथे मस्त लागतो. तरी नवीन जोडी घेतली, फरक शून्य. गॅरेजवाल्याने कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळचा दिव्यांचा) गेलाय म्हणून तो बदलला, २,३०० रुपये, फरक शून्य. आता तो पूर्ण वायरिंग बदला म्हणतोय. फ्यूज पाहिले, चांगले आहेत. अर्थिंग (बॉडीमार्गे बॅटरीच्या मायनसला परतीची वाट) मी स्वतः मल्टिमीटर लावून तपासलं, बीप वाजतो, म्हणजे तेही ठीक.

आणखी एक, कदाचित संबंध नसेल. डिपरवर असताना डॅशबोर्डच्या मीटरमधला अप्परचा निळा दिवा अगदी बारीक तेवतो. डोळे अंधाराला सरावले तरच दिसतो. बायकोने दाखवला, मला वाटलं काचेतलं प्रतिबिंब.

सुसाट_बंड्या | १४ जुलै, रात्री १०.५८

१००/९० चे बल्ब टाका, विषय संपला. मी चार वर्षं वापरतोय.

वायरमन_काका | १४ जुलै, रात्री ११.२०

बंड्या, तुमच्या होल्डरचा फोटो टाका एकदा. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात, १०० चे दोन जवळजवळ १७. वायर तीच, स्विच तोच. होल्डर तपकिरी होऊन कुरकुरीत झाला असेल.

घाटवळण, तुम्ही जे "कदाचित संबंध नसेल" म्हणून शेवटी लिहिलंत ना, तिथेच सगळं आहे. निळा दिवा मिणमिणतो म्हणजे डाव्या हेडलाइटची अर्थिंग गेली. ९० टक्के तेच. वायरिंग बदलू नका, आधी मोजा.

मी एसटीच्या कार्यशाळेत २९ वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. बसचं सगळं २४ व्होल्टवर, पण करंटचे चाळे सारखेच.

घाटवळण | १४ जुलै, रात्री ११.३१

काका, पण बीप वाजला हो! आणि मला अरे-तुरे करा, मी तुमच्या मुलाच्या वयाचा असेन.

वायरमन_काका | १५ जुलै, सकाळी ६.५०

बरं, मग ऐक. रात्री डोळे दुखतात म्हणून आता लिहितोय.

मल्टिमीटर बीप वाजवायला जेमतेम एक-दोन मिलिअँपिअर सोडतो. वायरीतल्या वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी तेवढं सहज जातं. बऱ्याच मीटरांचा बीप तर तीस-चाळीस ओहमपर्यंत वाजतो. तुझ्या बल्बला साडेचार-पाच अँपिअर लागतात. पाच अँपिअरच्या वाटेत एक ओहम जरी आडवा आला तर पाच व्होल्ट तिथेच खातो. पायवाटेवरून माणूस जातो म्हणून एसटी जाईल का?

आता निळा दिवा. एच४ला तीन पाय. एक डिपरचा, एक अप्परचा, तिसरा दोघांचा सामायिक, तो अर्थला जातो. सामायिक पाय तुटला की डिपरच्या फिलामेंटमधून आलेला करंट अडकतो. मग तो उलटा त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमध्ये शिरतो, अप्परच्या वायरीने मागे जातो, आणि तिथून उजव्या हेडलाइटच्या अप्परच्या फिलामेंटमधून उजव्या अर्थला उतरतो. तीन फिलामेंट एका माळेत, प्रत्येकाला तिसरा हिस्सा. म्हणून समई. आणि अप्परच्या त्याच वायरीवर मीटरमधला निळा दिवा टांगलेला असतो, त्यालाही चार-एक व्होल्टचा प्रसाद मिळतो.

उजव्या बल्बमध्ये निरखून बघ. डिपरवर असताना त्याचं अप्परचं फिलामेंटही लालसर दिसेल. डोळे दिपतील, काळा चष्मा लाव.

मिरचीचं_लोणचं | १५ जुलै, सकाळी ९.१५

काका, हे इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

सुसाट_बंड्या | १५ जुलै, सकाळी ९.४०

होल्डर खरंच तपकिरी आहे. 😐

वायरमन_काका | १५ जुलै, सकाळी १०.०५

घाटवळण, मोजायची रीत लिहितो. गाडी मोकळ्यावर, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू, डिपर चालू. कपलर (बल्बच्या तीन पायांवर बसणारा वायरींचा प्लग) काढायचा नाही, बल्बला लावलेलाच ठेवायचा. लोड नसताना मोजलेलं व्होल्टेज खोटं बोलतं. कपलरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते तिथून टाचणी सरकवून पिनेला टेकव. वायरीचं इन्सुलेशन टोचू नको, पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरतं. टाचण्या एकमेकींना किंवा पत्र्याला लागू देऊ नको.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर किती ते लिही. मग काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवरच ठेव, बॉडीला नको. लाल पिन डाव्या कपलरच्या सामायिक टाचणीला. इथे शून्याच्या आसपास यायला हवं, ०.२ च्या आत. मग लाल पिन डिपरच्या टाचणीला. बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्ट कमी असेल तर चालेल.

आडवा वरचा पाय डिपरचा. उरलेल्या दोघांतला कुठला सामायिक ते अप्पर-डिपर बदलून कळेल.

मिरचीचं_लोणचं | १५ जुलै, दुपारी १.१०

धाग्याच्या मालकांची माफी मागून एक प्रश्न. बाबांच्या जुन्या जीपसारख्या गाडीला मी हेच केलं आत्ता. सामायिक पायावर १२.३ व्होल्ट! म्हणजे अर्थिंग पूर्णच गेली? पण दिवे तर लख्ख आहेत.

वायरमन_काका | १५ जुलै, दुपारी ३.३०

नाही पोरी, गेलेली नाही. काही जपानी धाटणीच्या गाड्यांत उलटा कारभार असतो. सामायिक पायाला कायम प्लस, आणि डिपर-अप्परच्या वायरी स्विचमधून अर्थला जातात. तिथे माझं वरचं सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं करायचं. ओळखायचं कसं? कपलर काढ, दिवे चालू कर, तिन्ही भोकांत बॉडीच्या संदर्भाने मोज. अप्पर असो की डिपर, एकाच भोकात कायम १२ आणि ते भोक सामायिक पायाचं, म्हणजे उलटी पद्धत. हे माहीत नसलेल्या माणसाने अशा गाडीची निम्मी वायरिंग उगाच कापलेली मी पाहिली आहे.

राईनकाठ | १५ जुलै, दुपारी ४.०५

काकांच्या म्हणण्याला थोडी पुरवणी. रिलेच्या (लहान करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) बुडाशी ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात, ते कुठून आले हा प्रश्न मला इथे जर्मनीत आल्यावर सुटला. डीआयएन ७२५५२ नावाचं मानक आहे, त्यात गाडीतल्या प्रत्येक टोकाला क्रमांक दिलाय. ३० बॅटरीचा प्लस, ३१ अर्थ, १५ चावी फिरवल्यावर येणारा प्लस, ५६ हेडलाइट, त्यातही ५६ए अप्पर आणि ५६बी डिपर. जर्मन गाडीचा वायरिंग नकाशा मग भाषा न येताही वाचता येतो.

घाटवळण | १५ जुलै, रात्री ९.२५

आकडे घ्या काका.

बॅटरीवर १४.१
डावा डिपर टाचणी १३.३
डावा सामायिक ६.४ (!!)
उजवा सामायिक ०.११

डाव्या सामायिकची वायर बोटाने हलवली की आकडा ३ ते ८ मध्ये नाचतो, आणि बल्ब त्याच्या उलट नाचतो. निळा दिवाही. उजव्या बल्बमधलं लालसर फिलामेंटही दिसलं. बायको म्हणाली, "मी सांगत होते."

वायरमन_काका | १५ जुलै, रात्री ९.४०

सापडला. १३.३ मधून ६.४ गेले, बल्बच्या वाट्याला सहा-सातच व्होल्ट. आणि हे लक्षात ठेव, व्होल्टेज १० टक्के घसरलं की हॅलोजनचा उजेड ३० टक्के घसरतो. निम्म्या व्होल्टवर निम्मा उजेड नाही मिळत, दहावा हिस्सा मिळतो.

आता त्या वायरीचं दुसरं टोक शोध. पत्र्यावर बोल्टखाली लग (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची चकती) असेल. काळी पिन बॅटरी मायनसवरच ठेवून लाल पिन आधी बोल्टच्या डोक्यावर, मग लगवर, मग लगच्या मानेजवळ. जिथे आकडा उडी मारतो तिथे रोग.

ओव्हरटेक | १५ जुलै, रात्री १०.१०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा एलईडी बल्ब टाकायचे ना. करंट कमी, अर्थिंग कशीही असो, चालतात. माझ्या २०१८ च्या गाडीत टाकलेत. फक्त थोडे फडफडतात आणि मीटरवर बल्ब गेल्याची खूण येते, पण उजेड काय आहे महाराजा!

मिरचीचं_लोणचं | १५ जुलै, रात्री १०.२२

समोरून येणाऱ्याला विचारा उजेड काय आहे ते. मुंबई-गोवा महामार्गावर रात्री आंधळं व्हायला होतं तुमच्यासारख्यांमुळे.

ओव्हरटेक | १५ जुलै, रात्री १०.२४

मी डिपरवरच चालवतो ताई.

राईनकाठ | १५ जुलै, रात्री ११.००

डिपरवर चालवूनही तेच होतं. एच४मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते, ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे वरचा झोत कापला जातो. परावर्तकाचा वाडगा त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीची चिप मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली तरी झोत विस्कटतो. इथे जर्मनीत २०२० पर्यंत हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब रस्त्यावर चालतच नव्हते, त्यानंतर मंजुरी मिळाली तीही ठरावीक बल्बला ठरावीक दिव्यातच.

फडफडण्याचं कारण वेगळं. नव्या गाड्यांत दिव्याचा करंट बीसीएम नावाचा कंट्रोलर सोडतो, तोही पुष्कळदा सलग नाही, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करत. फिलामेंट तापलेलंच राहतं, त्याला कळत नाही. एलईडीला कळतं. आणि करंट अपेक्षेपेक्षा कमी दिसला की बीसीएमला वाटतं बल्ब गेला.

वायरमन_काका | १६ जुलै, सकाळी ६.४०

राईनकाठ म्हणतात ते बरोबर. माझी टाचणी-मल्टिमीटरची रीत प्लसच्या बाजूला अशा गाड्यांत जपून वापरा, तुकड्या-तुकड्यांच्या व्होल्टेजवर साधा मीटर सरासरी दाखवतो. अर्थिंगची बाजू मात्र तशीच तपासायची. आणि ओव्हरटेक, "अर्थिंग कशीही असो" असं नसतं रे. खराब अर्थिंगवर एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला करंट पुरवणारं सर्किट, आधी मरतो.

खडखडाट | १६ जुलै, सकाळी ८.३०

दुचाकीवाल्यांनाही घ्या पंगतीत. जुनी १०० सीसी बाईक, महिन्याला एक बल्ब उडतो. आयडलवर मंद, रेस केली की भगभगीत. अर्थिंग?

वायरमन_काका | १६ जुलै, सकाळी ८.५५

नाही, तुझं उलट आहे. त्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसतोच, थेट मॅग्नेटोच्या कॉइलवरून एसी करंटवर चालतो. म्हणून आयडलवर मंद होणं हा दोष नाही, स्वभाव आहे. पण बल्ब उडतात म्हणजे रेग्युलेटर, आपल्याकडे ज्याला आरआर युनिट म्हणतात, तो जास्तीचं व्होल्टेज दाबत नाहीये. मीटर एसीवर ठेवून बल्बच्या टोकाला मोज आणि हळूहळू रेस वाढव. साडेतेरा-चौदाच्या आसपास अडकलं पाहिजे. चढतच गेलं तर युनिट बदल. बदलायच्या आधी युनिटचा स्वतःचा अर्थचा बोल्ट घासून बघ, पुष्कळदा तोच असतो. शेवटी तुझं बरोबरही निघू शकतं.

खडखडाट | १६ जुलै, सकाळी ९.०२

😂 बघतो.

घाटवळण | १६ जुलै, संध्याकाळी ७.५०

बॅटरी बाहेर काढावी लागली, कारण डाव्या हेडलाइटच्या अर्थचा बोल्ट बॅटरीच्या ट्रेखाली लपलाय. गॅरेजवाल्याने तो पाहिलेलाच नसणार, त्याच्यावर हात फिरल्याची एक खूण नव्हती. मग बॅटरी बाजूला ठेवून जाड वायरींनी तात्पुरती जोडली आणि मोजलं.

बोल्टचं डोकं ०.०५. लगचा चपटा भाग ०.०६. म्हटलं इथे तर काहीच नाही. लगच्या मानेवर काळी स्लीव्ह होती, वरून अगदी धडधाकट. तिच्या पलीकडे वायरीवर टाचणी लावली (टोचली, माफ करा, नंतर कापायचीच होती), ६.१.

स्लीव्ह ब्लेडने उभी चिरली. आतून हिरवट-निळी पूड पडली, मोरचुदासारखी. लगच्या मानेत वायर म्हणून जे होतं ते तीन तारा. तीन! बाकीच्या बोट लावल्यावर चुरल्या. इंचभर मागे कापलं तरी तांबं काळंच, तीन इंच मागे गेल्यावर लाल तांबं लागलं.

वायरमन_काका | १६ जुलै, रात्री ८.१०

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरताना वरपर्यंत भरतोस ना? जास्त झालेलं आम्लपाणी चार्जिंग होताना उतू जातं आणि ट्रेवरून खाली त्या लगवर ठिबकतं. स्लीव्हमुळे ते आत अडकलं आणि वायर केशाकर्षणाने ते वर ओढत बसली. म्हणून तीन इंच काळं. प्लेटा बुडून वर बोटाच्या पेरापेक्षा कमी पाणी पुरे, खूण असेल तर खुणेपर्यंतच.

नवीन तुकडा २.५ स्क्वेअर मिलिमीटर जाडीच्या वायरीचा घाल. लग दाबायचा पकडीने, नुसता डाग देऊन सोडू नको. बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरने उजळ कर, घट्ट आवळ, मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली. आधी जेली आणि मग बोल्ट असं नको.

घाटवळण | १७ जुलै, रात्री ९.३०

केलं. डावा सामायिक आता ०.०९. निळा दिवा बंद. दोन्ही हेडलाइट भिंतीवर सारखे.

पण एक शंका. डिपरच्या टाचणीवर परवा १३.३ होते, आज १२.९. बॅटरी तीच १४.१. मी काही बिघडवलं का?

वायरमन_काका | १७ जुलै, रात्री ९.४५

शाबास, हे बघणारा दुर्मिळ. बिघडवलं नाहीस. परवा डावा बल्ब अर्धपोटी होता, आता पोटभर जेवतोय. करंट वाढला की त्याच जुन्या वायरीत आणि स्विचमध्ये जास्त व्होल्ट खर्च होतात. १.२ व्होल्ट मात्र जास्तच आहेत. १४.१ ऐवजी १२.९ म्हणजे पाव हिस्सा उजेड वाटेतच सांडतोय. तुमच्या गाडीत बल्बचा सगळा भार स्विचमधून जातो.

दोन रिले टाक, एक डिपरला, एक अप्परला. ३० बॅटरीच्या प्लसला, मध्ये प्रत्येकी १५ अँपिअरचा निळा फ्यूज, आणि तो फ्यूज बॅटरीपासून वीतभरातच. फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं काही नसतं, हे पटकन जोडून देणारे विसरतात. ८७ वरून बल्बला. जुन्या कपलरच्या डिपर-अप्परच्या वायरी आता फक्त ८६ ला, ८५ अर्थला. स्विचला मग किरकोळ करंट राहतो, तो म्हातारा होत नाही.

सुसाट_बंड्या | १७ जुलै, रात्री १०.००

मग रिले टाकून १०० वॅट चालतील?

वायरमन_काका | १७ जुलै, रात्री १०.०३

नाही.

घाटवळण | २१ जुलै, रात्री ११.१५

रिले टाकले. टाचणीवर १३.८. काल मुद्दाम त्याच घाटाने रात्री आलो. धुकं होतंच, पण डावीकडची पांढरी पट्टी दिसत होती आणि कठड्यावर बसलेलं कुत्रंही. गॅरेजवाल्याला ती तीन तारांची वायर दाखवली. म्हणाला, "उंदराचं काम आहे साहेब, बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवा."

मिरचीचं_लोणचं | २१ जुलै, रात्री ११.२०

पानं ठेवली का मग? 😄

वायरमन_काका | २२ जुलै, सकाळी ६.३५

छान. बॅटरी परत बसवताना ट्रेखालचा पत्रा पाहिलास का? जिथे वायर खाल्ली तिथे पत्रा सोडला असेल असं वाटत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हलकं ठोकून बघ.

घाटवळण | २२ जुलै, संध्याकाळी ६.०५

हलकंच ठोकलं. आरपार गेला. खालचा रस्ता दिसतोय.

वेल्डिंगसाठी वेगळा धागा काढतो.